जुन्या पाइपांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे बहुधा देवळांच्या संबंधाने कानी पडतो, आणि तो पडला की जाणत्या माणसाच्या पोटात गोळा येतो. सात-आठशे वर्षांचे काळ्या दगडाचे देऊळ असते. गावकरी वर्गणी काढतात, कळसापासून जोत्यापर्यंत भक्तिभावाने ऑइलपेंट फासतात, खांबांवरच्या शिल्पांची नाके-बोटे रंगात बुडून जातात आणि शिलालेखावर फरशी बसते. हेतू चांगला, काम वाईट. याच्या उलटही कधी घडते. एखाद्या मूर्तीवरची शेंदराची जाड खपली गळून पडते, आतून मूळची रेखीव मूर्ती निघते आणि सारा गाव पाहावयास लोटतो. जीर्णोद्धाराच्या या दोन तऱ्हा होत. एकीत जुन्यावर नवे चढते. दुसरीत जुन्यावरचे नको ते उतरते.

आमचा आजचा विषय देवळाएवढा मोठा नाही. तो मुठीत मावणारा आहे. तंबाखू ओढण्याचे जुने लाकडी पाइप मिळवावेत, ते स्वच्छ करावेत, दुरुस्त करावेत, असा छंद इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, अमेरिका या देशांत पुष्कळांना आहे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात धुंडाळणाऱ्यालाही क्वचित असा पाइप सापडतो. या छंदाची रीत सांगावी आणि त्या निमित्ताने, घाण कोणती व खूण कोणती हे कसे ओळखावे ते पाहावे, असा आमचा हेतू आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आम्ही तंबाखूचा पुरस्कार करीत नाही. पाइपचा धूर छातीत ओढला नाही तरी त्याने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो, हे आता सिद्ध झालेले आहे. पण तलवारी जमविणारा लढाईवर जात नाही. त्याचप्रमाणे जुना पाइप स्वच्छ करणाऱ्याने तो ओढलाच पाहिजे असे नाही. आम्हाला त्यात रस आहे तो एक घडविलेली वस्तू म्हणून.

लाकूड कोठून येते

आपली चिलीम मातीची. ती फुटली की उकिरड्यावर जाते आणि कुंभाराकडून दुसरी येते. तिचा जीर्णोद्धार कोणी करीत नाही. युरोपातही दोन-अडीचशे वर्षे पाइप प्रामुख्याने मातीचेच होते. श्रीमंतांसाठी तुर्कस्तानातील एस्कीशेहिर भागातल्या मीरशाम नावाच्या पांढऱ्या, हलक्या खनिजाचे कोरीव पाइप निघाले. लाकडाची अडचण उघड होती: ज्यात निखारा ठेवावयाचा ते भांडे लाकडाचे कसे चालेल? या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सापडले. भूमध्य समुद्राच्या काठी, कोर्सिका, इटलीचा कालाब्रिया प्रांत, अल्जीरिया, ग्रीस येथील कोरड्या डोंगरांवर एक झुडूप वाढते. त्याचे शास्त्रीय नाव एरिका आर्बोरिया आणि व्यापारातले नाव ब्रायर. या झुडपाच्या मुळाच्या वर आणि खोडाच्या खाली, जमिनीतच, एक गाठ धरते. ती पुरती वाढावयास कित्येक दशके लागतात. ही गाठ कठीण, घट्ट आणि उष्णतेला दाद न देणारी असते. पाइप होतो तो या गाठीचा.

गाठ खणून काढली की ती ओली ठेवावी लागते, नाही तर तडकते. मग करवतीने तिचे ठोकळे पाडतात, आतला रस निघून जावा म्हणून ते कित्येक तास पाण्यात उकळतात आणि नंतर महिनेच्या महिने सावलीत सुकवितात. त्यानंतर यंत्रावर वाटी कातली जाते, तिला जोडलेल्या दांडीत धुराचे भोक पाडले जाते, मुखनळी बसविली जाते, घासकाम होते, रंग होतो आणि शेवटी जिल्हई चढते. म्हणजे खणणारा, चिरणारा, उकळणारा, कातणारा, नळी बसविणारा आणि जिल्हई देणारा इतक्या हातांतून गेल्यावर एक पाइप दुकानाच्या कपाटात बसतो. पाइपवर नाव असते ते मात्र कारखानदाराचे किंवा दुकानदाराचे.

तोंडात धरावयाची काळी नळी बहुधा एबोनाइटची असते. चार्ल्स गुडइयर याने १८४४ साली अमेरिकेत रबर व गंधक एकत्र तापविण्याच्या क्रियेचे पेटंट घेतले. त्या क्रियेत गंधकाचे प्रमाण बरेच वाढविले म्हणजे रबर लवचीक न राहता शिंगासारखे टणक होते, तेच एबोनाइट. त्यातला हा गंधक पुढे साफसफाईच्या वेळी आपल्याला भेटणार आहे, म्हणून तो येथेच ध्यानात ठेवावा.

पाइप करणाऱ्यांचे गाव

या धंद्याचे माहेरघर म्हणजे फ्रान्सच्या जुरा डोंगरातील सँ क्लोद हे गाव. पूर्वी तेथे यात्रेकरूंसाठी लाकडी जपमाळा आणि कातीव वस्तू होत असत. कातण्याची विद्या हातात होतीच. ब्रायरचे लाकूड येताच गावाने ते उचलले. लंडनच्या कित्येक दुकानांची नावे मिरविणारे पाइप प्रत्यक्षात येथे घडलेले आहेत. येथील आँरी कोमॉय १८७९ साली लंडनला गेला आणि त्याने तेथे पाइपचा कारखाना काढला. नळीवरच्या पांढऱ्या ठिपक्यामुळे जगभर ओळखला जाणारा डनहिल नंतरचा. आल्फ्रेड डनहिलचे ड्यूक स्ट्रीटवरचे दुकान १९०७ सालचे.

आमच्यासारख्या कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला मात्र सँ क्लोद हे नाव आणखी एका कारणासाठी मोलाचे वाटते. तेथील कामगारांनी १८८१ साली ‘ला फ्रातेर्नेल’, म्हणजे ‘बंधुभाव’ अशा अर्थाच्या नावाची ग्राहक सहकारी संस्था काढली. नफ्याचे वाटप सभासदांत करावे अशी इतर ठिकाणची रीत होती. सँ क्लोदच्या मंडळींनी ती मोडली. नफा व्यक्तीला न देता सामाईक निधीत टाकावयाचा आणि त्यातून आजारपण, म्हातारपण, शिक्षण आणि चळवळ यांची सोय करावयाची, असे त्यांनी ठरविले. सहकाराच्या इतिहासात याला सँ क्लोदचा पंथ असेच म्हणतात. १९१० साली त्यांनी आपले ‘लोकगृह’ उभारले. त्यात नाट्यगृह होते, उपाहारगृह होते, छापखाना होता, संघटनांच्या कचेऱ्या होत्या. ती वास्तू आजही उभी असून तेथे नाटके, संगीत आणि चित्रपट यांचे कार्यक्रम चालतात. दिवसभर लाकडाच्या भुकटीत बसून पाइप घडविणारी माणसे संध्याकाळी नाटक पाहावयास स्वतःच्या मालकीच्या इमारतीत जात होती, ही गोष्ट त्या गावचा पाइप हातात घेणाऱ्याने विसरू नये.

आधी वाचावे, मग घासावे

जुना पाइप मिळाला की नवशिक्याचा हात प्रथम पॉलिशपेपरकडे जातो. तो तेथेच आवरावा. पाइप प्रथम वाचावयाचा असतो. दांडीच्या दोन्ही अंगांना ठसे असतात: कंपनीचे नाव, आकाराचा क्रमांक, देशाचे नाव. हे ठसे अर्धा मिलिमीटरही खोल नसतात. तिरपा उजेड पाडून भिंगातून ते पाहावेत आणि वहीत उतरून घ्यावेत.

या ठशांतून इतिहास कसा बोलतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे डब्लिनचे पीटरसन. चार्ल्स पीटरसन याने १८९० साली एक युक्ती काढून पेटंट घेतले: दांडीत एक लहानशी विहीर ठेवली, म्हणजे धुरातली ओल तोंडात न येता तेथे साठते. या कंपनीच्या पाइपांवर देशाचे नाव काळाप्रमाणे बदलत गेलेले आढळते. १९२२ साली आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले. १९३७ च्या राज्यघटनेने देशाचे नाव एरे झाले. १९४९ साली प्रजासत्ताकाची घोषणा झाली. तेव्हा ‘फ्री स्टेट’ असा ठसा असलेला पाइप कोणत्या पंधरा वर्षांतला, हे शाळकरी मुलालाही सांगता येईल. एका राष्ट्राचा स्वातंत्र्याचा प्रवास तंबाखूच्या पाइपच्या दांडीवर नोंदविला गेला आहे.

दांडीवर चांदीचे वेढे असेल तर आणखी सोय. ब्रिटन व आयर्लंडमध्ये सरकारमान्य तपासणीशिवाय चांदी विकता येत नसे. हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची खूण म्हणून इंग्लंडमध्ये चालत्या सिंहाचा छाप मारीत. नांगराचा छाप बर्मिंगहॅमचा, बिबळ्याच्या मुखाचा लंडनचा, मुकुटधारी वीणेचा डब्लिनचा. शेजारी एक अक्षर असते. ते तपासणीचे वर्ष सांगते. ही अक्षरे चांदीच्या पॉलिशने रोज चोळली तर दहा-वीस वर्षांत बुजून जातात.

प्रत्यक्ष काम

वाचन झाले की काम सुरू करावे. नळी प्रथम दांडीतून काढावयाची. ती अडकली असेल तर जोर करू नये. आतली खुंटी मोडते. पाइप अर्धा तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. लाकडापेक्षा एबोनाइट अधिक आकसते आणि हलक्या हाताने फिरविताच नळी सुटते.

आता वाटी. तिच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षांच्या जळण्याने कोळशाचा थर बसलेला असतो. हा थर सगळाच वाईट नव्हे. नाण्याच्या जाडीएवढा असेल तर तो लाकडाचे आगीपासून रक्षण करतो. त्याहून वाढला तर उष्णतेने फुगून वाटीला तडा जाण्याची भीती असते. पण अनोळखी पाइपचा थर एकदा पूर्ण काढून पाहावा, कारण लाकडातली भेग त्याच्याखाली लपते. यासाठी खास पात्यांचे अवजार मिळते. नसल्यास जाड काडीला पॉलिशपेपर गुंडाळून काम भागते. टोकदार चाकू मात्र वापरू नये. त्याने वाटीचा गोल बिघडतो.

मग दांडीचे भोक. येथे डांबरासारखा चिकटा साचलेला असतो आणि जुन्या पाइपचा सारा दर्प येथूनच येतो. तारेवर सूत गुंफलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून आत-बाहेर करीत राहावे. काडी पहिल्यांदा काळी निघते, मग तपकिरी, मग पिवळी. ती पांढरी निघेपर्यंत थांबावयाचे नाही. चाळीस-पन्नास काड्या सहज लागतात. दर्प तरीही राहिला तर वाटीत कापूस भरून त्यावर अल्कोहोल सोडावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी कापूस चहाच्या रंगाचा झालेला असतो: लाकडात मुरलेले डांबर त्याने ओढून घेतलेले असते. अल्कोहोल बाहेरच्या अंगावर सांडू देऊ नये, रंग विरघळतो. आणि हे काम दिव्या-शेगडीपासून दूर, खिडकी उघडी टाकून करावे.

वाटीच्या काठावर काळे, राठ किटण असते. त्यावर सर्वांत सौम्य उपाय म्हणजे थुंकीने ओले केलेले फडके. कोणी नाक मुरडील, पण मोठमोठ्या संग्रहालयांतले जाणकारही जुन्या चित्रांवरचा मळ काढावयास थुंकीचाच उपयोग करतात. बाहेरचे अंग सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसावे. पाइप पाण्यात बुडवू नये. लाकडाला पोचा आला असेल तर त्यावर ओले फडके ठेवून तापलेल्या सुरीची पाठ टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खळगा भरून येतो. ही युक्ती आपल्या जुन्या सुतारांनाही ठाऊक आहे.

सर्वांत चिकाटीचे काम नळीचे. उजेड आणि हवा लागून एबोनाइटमधला गंधक पृष्ठभागावर येतो व नळी हिरवट-तपकिरी, कडू होते. कपडे उजळविण्यासाठी वापरतात ते सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात मिसळून त्यात नळी रात्रभर ठेवावी, म्हणजे हा थर मऊ पडतो. पाणी कढत नसावे; कढत पाण्यात वाकडी नळी सरळ होऊ लागते. नळीवर पांढरा ठिपका किंवा कोरलेले चिन्ह असेल तर त्याला आधी व्हॅसलिन लावावे. मग वॉटरपेपर पाण्यात भिजवून क्रमाने ४००, ६००, १०००, २००० अशा वाढत्या नंबरांनी घासावे. एक नंबर गाळला तर त्याचे ओरखडे शेवटी चमकून दिसतात. दातांचे उथळ खळगे ज्योतीवरून नळी जपून फिरविली तर पुष्कळसे वर येतात, कारण तापलेले एबोनाइट आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते. भोक पडले असेल तर कोळशाच्या वस्त्रगाळ भुकटीत झटपट चिकटणारा डिंक कालवून ते बुजवावे.

शेवटची जिल्हई कार्नोबा मेणाची. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे. मधमाश्यांचे मेण साधारण ६३ अंश सेल्सियसला वितळते, तर कार्नोबाला ८२ अंशांच्या वर उष्णता लागते. त्यामुळे ऊन झालेला पाइप हातात धरला तरी मेण चिकटत नाही.

भुकटी

या कामात एक धोका आहे आणि तो सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. लाकडाची भुकटी नाकाच्या पोकळीत कर्करोग उत्पन्न करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. जुन्या पाइपच्या भुकटीत लाकडाबरोबर डांबर आणि गंधकही असतो. तेव्हा तोंडा-नाकावर मुखपट्टी बांधावी, शक्य तेथे ओले घासावे, टेबल फुंकरीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावे.

आम्ही सुटीच्या दिवशी तास-दोन तास घासणार. आमची काळजी घेणे सोपे आहे. सँ क्लोदच्या कारखान्यांत जिल्हईचे काम पुष्कळसे बायका करीत असत, आणि ते कामाच्या साऱ्या दिवसांत, वर्षानुवर्षे चाले. पाइपवरची जी झळाळी ग्राहकाच्या डोळ्यात भरते, तिची भुकटी कोणाच्या तरी छातीत गेलेली असते. वस्तूची किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असते. ही दुसरी किंमत कोठेच लिहिलेली नसते. स्वतः एक नळी चकचकीत करावयास तीन संध्याकाळी घालविल्या म्हणजे मजुरीच्या दराविषयी माणसाचे मत बदलते, असा आमचा अनुभव आहे.

कोठे थांबावे

आता मुद्द्याचे. या छंदातली खरी परीक्षा हात चालविण्यात नाही, हात थांबविण्यात आहे. बाजारात जुने पाइप विकणारे कित्येक लोक मोटरवरच्या कापडी चाकाला, म्हणजे बफाला, पाइप लावतात. पाच मिनिटांत तो आरशासारखा होतो. पण त्याच पाच मिनिटांत दांडीवरचा ठसा अर्धा पुसला जातो, चांदीवरचे अक्षर गुळगुळीत होते, वाटीच्या काठाची धार गोल होते आणि नळी व दांडी यांच्या जोडावर बोट फिरविले असता पायरी लागू लागते. ज्या कामगाराने तो जोड बसविला त्याने तेथे नख अडकू नये इतकी बारकाई केली होती. त्याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. त्याचा पुरावा एवढाच, तो जोड. त्यावर चाक फिरविणे म्हणजे त्याची सही खोडणे होय.

म्हणून आम्ही काही नियम पाळतो. ठशाच्या जागेवर कागदी चिकटपट्टी लावल्याशिवाय कोणतेही घासकाम करावयाचे नाही. काठ थोडा करपलेला राहिला तरी चालेल, पण तो सपाट घासून वाटीची उंची कमी करावयाची नाही. लाकडाचा मूळचा रंग फिका झाला असेल तर तो फिकाच ठेवावयाचा. नळी बदलावीच लागली तर जुनी नळी टाकून न देता पाइपबरोबर जपावयाची. आणि जे जे केले ते वहीत लिहावयाचे: कोणते भोक बुजविले, कोणता भाग नवा. पाइप दुसऱ्याच्या हाती गेला तर ती नोंदही त्याच्याबरोबर गेली पाहिजे. डागडुजी करण्यात कमीपणा नाही. ती लपविण्यात लबाडी आहे.

मग घाण कोणती आणि खूण कोणती? आमची कसोटी साधी आहे. जे नुसते साचत गेले ती घाण: डांबर, किटण, वर आलेला गंधक. ते काढले तर वस्तूचे काही जात नाही. जे कोणी हेतूने केले ती खूण: ठसा, जोड, काठाची धार, कानशीच्या चालीची बारीक रेघ. ती एकदा गेली की कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही. मधल्या जागेत एक गोष्ट उरते, ती म्हणजे वापरणाऱ्याची झीज. डाव्या बाजूला दातांचा खळगा असतो. एकाच अंगाने काठ जळालेला असतो, कारण मालक काडी नेहमी तेथूनच लावी. ही घाणही नव्हे आणि कारागिराची खूणही नव्हे. त्या बाबतीत दोन मते आहेत. ज्याला पाइप वापरावयाचा आहे त्याने ती भरून काढावी. ज्याला जपावयाचा आहे त्याने ठेवावी. आजोबांचा किंवा वडिलांचा पाइप असेल तर तो खळगा ठेवावा, असे आमचे मत आहे.

छंद सुरू करणाऱ्याने पहिला पाइप बिननावाचा आणि स्वस्तातला घ्यावा, काड्यांचे पुडके, अल्कोहोल, चार नंबरांचे वॉटरपेपर आणि एक भिंग एवढेच सामान जमवावे, आणि चाकाच्या यंत्रावर एक पैसाही खर्चू नये. हाताने काम केले म्हणजे वेळ लागतो, आणि वेळ लागला म्हणजे थांबण्याची जागा दिसते.